दुसऱ्या कडव्यानंतर

परभणीत साऊंडवाले पुष्कळ होते, पण सिद्धोधन खिल्लारेचा माईक असला की मांडवात शेवटच्या ओळीत बसलेल्या बाईलाही गाण्यातला शब्द न् शब्द कळतो, असा त्याचा लौकिक होता. हा लौकिक त्याला फुकट मिळालेला नव्हता. पहिलं गाणं रंगात आलं की तो मिक्सरवरून उठायचा आणि मांडवाच्या कडेकडेनं थेट मागे जायचा. तिथं बहुधा म्हाताऱ्या बाया असायच्या, मांडीवर पेंगुळलेली नातवंडं घेऊन बसलेल्या. त्यांच्याजवळ उकिडवा बसून तो विचारायचा, "मावशी, शब्द कळायलेत का?"

मावशीनं नुसती मान हलवली तर त्याचं समाधान व्हायचं नाही. "सांगा बरं, आता काय म्हनली ती?" असं तो विचारायचा. मावशीनं ओळ सांगितली तर ठीक. नाही सांगता आली, तर हा परत जायचा, एखादं बटण केसभर फिरवायचा आणि पुन्हा मागे यायचा. एका कार्यक्रमात असे चार-पाच हेलपाटे ठरलेले. गायक कलाकार हसायचे त्याला. पण तारीख घेताना आयोजकाला सांगायचे, साऊंड खिल्लारेचाच घ्या.

हे त्यानं वडिलांकडून उचललं होतं. रंगनाथ खिल्लारे जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. वस्तीतल्या लोकांनी मिळून एक भोंगा आणि बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर घेतला होता, तो त्यांच्या घरी असायचा. जयंतीला, लग्नाला, कुणी गेल्यावर त्याच्या जलदानविधीला भोंगा त्यांनीच झाडाला बांधायचा. ते बोलायचे कमी. एकदा मात्र लेकानं भोंग्याचा आवाज उगीच वाढवला तेव्हा म्हणाले होते, "आपल्या लोकाला नुस्ता आवाज नको, शब्द पायजे. आवाज तर बैलालाबी कळतो."

बबिता त्याला अशाच एका कार्यक्रमात भेटली. ती जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची. गायन पार्टीत कोरसला उभी राहायची, मधूनच एखादं गाणं तिला मिळायचं. आवाज बारीक, पण धारेचा. त्या दिवशी ती माईकला अगदी ओठ लावून गायला लागली तेव्हा सिद्धोधन स्टेजच्या कडेला जाऊन म्हणाला, "ताई, वीतभर मागं सरका." ती सरकली. मग त्यानं तिच्या आवाजातला खालचा फुगीर भाग कापला आणि वरचा जरासा उचलला. गाणं संपल्यावर ती सोबतच्या बाईला म्हणाली, "आज मला माझाच आवाज ऐकू आला." ते वाक्य त्या बाईनं सिद्धोधनपर्यंत पोचवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं. लग्नात साऊंड घरचाच होता. मंगल परिणय सुरू असताना नवरदेव पांढऱ्या कपड्यांत उठून मागच्या रांगेत जाऊन आला, ही गोष्ट चारठाण्यात अजून सांगतात.

बबिताचं एक गाणं होतं. ते तिच्या आईनं, चांगुणाबाईनं, केलेलं. चांगुणाबाई शेतमजूर. चाळिशीला आल्यावर गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला, तिथं ती लिहायला शिकली, आणि कापूस वेचता वेचता तिनं ते गाणं जुळवलं. कागदावर ते कधीच उतरलं नाही. आईच्या तोंडून लेकीच्या तोंडात आलं, तेवढंच. तीन कडवी होती. सुरुवात अशी:

*चुलीपुढल्या राखेवरती बोट माझं चाललं,*
*पहिल्यांदा मी माझं नाव माझ्या डोळ्यानं वाचलं.*

चांगुणाबाई गेल्यावर बबिता प्रत्येक कार्यक्रमात हे एक गाणं म्हणायचीच. मागच्या ओळीतल्या बाया हे गाणं ऐकताना पदर डोळ्याला लावायच्या. सिद्धोधनला हे गाणं साऊंडसाठी अवघड वाटायचं. त्यात च, स, श असे धारदार उच्चार पुष्कळ. वरचा आवाज जास्त झाला तर ते कानाला टोचायचे, कमी झाला तर गिळले जायचे. तो दर वेळी ते नव्यानं जमवायचा.

वीस एक वर्षं असं चाललं. लेक संघप्रिया झाली, वाढली, शिकली. मग बेस आला.

तो काही एका दिवसात आला नाही. आधी लग्नाच्या वरातीत आला, मग मिरवणुकीत, मग गाण्याच्या मांडवात. लाकडी खोक्यात अठरा इंची स्पीकर, एकावर एक रचलेले, माणसाच्या उंचीच्या वर. आयोजक पूर्वी विचारायचे, गायक कोण, तबल्याला कोण. आता विचारायला लागले, "बेस किती आनता?" सिद्धोधन सांगून बघायचा, की गाण्याच्या कार्यक्रमाला दोन पुरेत, जास्त लावले तर शब्द बुडतो. ऐकणारा म्हणायचा, "छातीत धडधडलं पायजे, भाऊ." आणि दुसऱ्याकडं जायचा. दोन सालं अशी कोरडी गेली.  साहित्य घरातच पडून राहिलं की केबल उंदीर कुरतडतात, हे बबितालाही दिसत होतं.

तेव्हा गंगाखेडचा योगीराज त्याच्याकडं आला. योगीराजकडं नवे बेस होते, टेम्पो होता, पण मिक्सरवर बसणारा जाणता माणूस नव्हता. वयानं धाकटा, स्वभावानं मोकळा. "भाऊ, तुमी मिक्सर सांभाळा, बाकी सगळं माझ्याकडं," तो म्हणाला. सिद्धोधननं हो म्हटलं.

पहिल्या हंगामात त्याला त्रास झाला. कार्यक्रमानंतर दोन-दोन दिवस कानात रातकिड्यासारखी बारीक शीळ वाजत राहायची. बरगड्या दुखायच्या. दुसऱ्या हंगामात शीळ एका दिवसात थांबायची. तिसऱ्यात कधी थांबते आणि कधी सुरू होते, याकडं त्याचं ध्यान राहिलं नाही. बेसच्या भिंतीपासून वीस पावलांवर तो तासन्‌तास बसायचा. शर्टाची बटणं थरथरायची, पाण्याच्या बाटलीतलं पाणी नाचायचं, आणि त्याला काही वाटायचं नाही. मागच्या रांगेत जाणं कधी बंद झालं तेही त्याला सांगता आलं नसतं. एका कार्यक्रमात गर्दीमुळं जाता आलं नाही, पुढच्यात कंटाळा आला, आणि मग ते राहूनच गेलं.

घरात बदल झाले ते त्याला आपले वाटलेच नाहीत. कुकरची शिट्टी पूर्वीसारखी मोठी होत नाही म्हणून त्यानं कुकरची रिंग बदलली. कॉलनीतल्या लिंबावर पाखरं यायची थांबली असं तो एकदा म्हणाला, तेव्हा संघप्रियानं वर बघितलं. झाडावर पाखरं होती. ती हसली आणि म्हणाली, "पप्पा, तुमचं लक्ष कुठं असतं?" त्यालाही ते पटलं. लक्ष नसतं खरं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये राणीसावरगावला जयंतीचा कार्यक्रम होता. मुख्य गायक बाहेरचा, तरुण, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवाला. जुनी कलाकार म्हणून बबितालाही बोलावलं होतं, एका गाण्यासाठी. योगीराजनं बेसची भिंत दुपारीच उभी केली होती. मागच्या बाजूला पत्र्याचं शेड. त्यावर आदळून आवाज परत यायचा आणि नव्या आवाजात मिसळायचा. पूर्वीचा सिद्धोधन असता तर त्यानं स्पीकरची तोंडं फिरवून घेतली असती. त्यानं शेड बघितलं आणि खुर्चीवर बसला.

उन्हं उतरली तशी माणसं जमली. साडेसहाला वंदना झाली, भाषणं झाली, सत्कार झाले. तरुण गायकानं तीन गाणी घेतली आणि पोरं उठून नाचायला लागली. त्याच गर्मीत बबिताचं नाव पुकारलं गेलं. ती पांढऱ्या साडीत पुढं आली, माईकपासून वीतभर मागं उभी राहिली, जशी ती कायम उभी राहायची. तिनं वाजवणाऱ्यांना ताल सांगितला. ढोलकी नव्हतीच. ऑक्टोपॅडवाल्यानं त्या तालाला त्याच्या पद्धतीनं ठोका दिला.

पहिलं कडवं सुरू झालं. मंडळाचा एक कार्यकर्ता मिक्सरजवळ आला आणि सिद्धोधनच्या कानाशी ओरडून म्हणाला, "भाऊ, बेस कुठाय? पोरं थंड पडायलेत."

सिद्धोधननं योगीराजकडं पाहिलं. योगीराजनं हातानंच वर कर अशी खूण केली.

सिद्धोधननं बेसची कांडी वर सरकवली. कुणी त्याचा हात धरला नव्हता, आणि त्यानं नाही म्हटलं असतं तर फारतर थोडी कुरकुर झाली असती. पण नाही म्हणावं असं त्याच्या मनात आलंच नाही. त्यानं पूर्ण वर नेली. जमिनीतून धक्के यायला लागले. पोरं पुन्हा उठली. त्यानं स्टेजकडं बघितलं. बबिता माईकसमोर उभी होती, ओठ हलत होते, डावा हात नेहमीसारखा तालावर होता. सगळं ठीक चाललंय असं त्याला वाटलं. मग त्यानं एक्स्टेंशन बोर्ड गरम झालाय का ते बघितलं.

गाणं संपलं. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी बबिताला शाल दिली आणि माईकवर सांगितलं, की ताईंनी आज मांडव हलवून टाकला.

परतीच्या रस्त्यात ती टेम्पोत खिडकीकडं बसली होती. सिद्धोधन म्हणाला, "चांगलं झालं." तिनं "हं" म्हटलं की नाही हे त्याला नीट कळलं नाही.

सकाळी ती मेथी निवडत ओट्याजवळ बसली होती. तो चहा पीत होता. तिनं त्याच्या गुडघ्याला हात लावला, त्यानं बघितल्यावर म्हणाली, "तुमाला एक सांगायचं हाय. काल दुसऱ्या कडव्यानंतर मी गायलेच न्हाई."

"म्हंजे?"

"नुस्ते ओठ हलवले. आवाज काढलाच न्हाई."

"काऊन?"

"मला माझं काईच ऐकू येईना. ताल कुठं, मी कुठं, कळंना. दुसरं कडवं कसंबसं ओढलं. मग म्हनलं, कुनाला तर कळतंय का बघू." तिनं मेथीची एक काडी मोडली. "कुनालाच कळलं न्हाई. नाचनारे नाचत व्हते. त्याचं काई न्हाई. मी तुमच्याकडं बघत व्हते. म्हनलं, तुमाला तर कळंल."

सिद्धोधननं कप खाली ठेवला. काहीतरी बोलायला हवं हे त्याला कळत होतं. वाईट वाटायला हवं होतं, लाज वाटायला हवी होती, निदान राग तरी. त्यानं वाट बघितली. आत काही हललं नाही. कपात दोन घोट राहिले होते, ते त्यानं पिऊन टाकले आणि म्हणाला, "रेकॉर्डिंग हाय माझ्याजवळ. ऐकून बघतो."

मिक्सरमधून तो प्रत्येक कार्यक्रम पेनड्राइव्हवर घ्यायचा, जुनी सवय. त्यात गायकाच्या माईकचा आवाज वेगळा ऐकता यायचा, बेसची भेसळ नसायची. त्यानं हेडफोन लावला आणि बबिताचं गाणं काढलं. पहिलं कडवं लागलं. त्याला आवाज ऐकू आला, पण तो ओल्या कपड्यात गुंडाळल्यासारखा. आ, ऊ, ओ, पुन्हा आ. त्याला वाटलं हेडफोन बिघडला. त्यानं दुसरा लावला. तसंच. त्याला वाटलं माईकचीच जाळी चोंदली असेल.

संघप्रिया जिल्हा परिषदेत लिपिक आहे. ती डबा भरून निघायच्या तयारीत होती. त्यानं तिला बोलावलं. "हे जरा ऐक. माईक खराब झालाय का सांग."

तिनं हेडफोन लावला. उभ्याउभ्याच पूर्ण गाणं ऐकलं. मग काढून म्हणाली, "माईक चांगला आहे पप्पा. एकदम स्वच्छ. दुसऱ्या कडव्यानंतर आईचा आवाजच नाही."

"अन् त्याच्या आधी?"

"आधी आहे की."

"शब्द कळायलेत का?"

"सगळे."

त्यानं हेडफोन परत कानाला लावला आणि तिला पहिलं कडवं पुन्हा वाजवायला सांगितलं. ती वाजवत राहिली, आणि तो समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. तिसऱ्या वेळेनंतर तिनं हेडफोन त्याच्या डोक्यावरून हळूच काढून घेतला. त्या दिवशी ती ऑफिसला उशिरा गेली.

कानाची तपासणी करणारी निकिता मॅडम वयानं संघप्रियाएवढीच होती. तिनं त्याला एका काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. बटण दाबायचं काम त्याच्या ओळखीचं होतं. खालचे आवाज आले तेव्हा त्यानं ते झटझट दाबलं. मग आवाज येणं थांबलं आणि तो तसाच बसून राहिला, पुढचा आवाज कधी येतो याची वाट बघत. काचेच्या पलीकडं मॅडम एकेक खूण करत होती. आवाज चालूच होते, हे त्याला नंतर कळलं.

मग तिनं तोंड कागदामागं लपवून शब्द म्हटले आणि त्याला परत म्हणायला सांगितले.

ती म्हणाली "शाळा". तो म्हणाला, "बाळा."

ती म्हणाली "साखर". तो म्हणाला, "भाकर."

ती म्हणाली "पाटी". तो म्हणाला, "माती."

बाहेर आल्यावर तिनं आलेख दाखवला. रेघ डावीकडून सरळ येत होती आणि मध्यावरून विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. सिद्धोधनला आलेख समजावून सांगावा लागला नाही. मिक्सरवर वरच्या पट्टीची सगळी बटणं खाली ओढल्यावर अशीच रेघ दिसते.

"काका, तुम्हाला आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत," ती म्हणाली. "स, श, च, प, त हे जवळजवळ गेलेत. बाकीचं तुम्ही अंदाजानं जुळवताय. बरीच वर्षं जुळवत असाल."

"परत येतंय का?"

"गेलेलं येत नाही. यंत्रानं थोडी मदत होईल. आणि त्या स्पीकरसमोर बसणं आता बंद करायला लागेल."

त्यानं मान हलवली. सोबत आलेल्या बबितानं ऑटोत विचारलं, "कसं वाटायलंय?" तिनं त्याच्याकडं तोंड करून, सावकाश विचारलं होतं. तो म्हणाला, "काई न्हाई वाटत." ते खरं होतं.

घेतलेल्या तारखा उरल्या होत्या, त्या मात्र त्यानं पार पाडल्या. शेवटचा कार्यक्रम पोखर्णीला होता. तिथं का कोण जाणे, पण दुसरं गाणं सुरू झाल्यावर तो उठला आणि मांडवाच्या कडेनं मागं गेला. मागच्या घराच्या भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. नंतर कळलं तिचं नाव सरजाबाई. तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि विचारलं, "मावशी, शब्द कळायलेत का?"

सरजाबाई काहीतरी बोलली. त्यानं कान पुढं केला. तिनं पुन्हा सांगितलं, हात हलवून, चांगलं दोन-तीन वाक्यं. तिचं तोंड त्याला दिसत होतं, खालचे दोन दात दिसत होते. ती हो म्हणते की नाही, एवढंही त्याला कळलं नाही. त्यानं मान हलवली. म्हातारीनंही मान हलवली. मग तो उठून मिक्सरवर गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं योगीराजला घरी बोलावून सगळं सांगितलं आणि आपण आता मिक्सरवर बसत नाही म्हणाला.

योगीराजला खरंच वाईट वाटलं.  मग समजूत काढायला म्हणाला, "भाऊ, मी सांगू का, तुमी उगं मनाला लावून घ्यायलेत. आता कान लावून मिक्सर चालवतंय कोन? लाईट बघायचे. लाल झालं की खाली, हिरवं हाय तोवर वर. मागच्या तीन सालात तुमच्या साऊंडची एक तक्रार न्हाई, विचारा कुनालाबी."

बबिता पाणी घेऊन आली होती. ती दारातच थांबली. योगीराजचं बोलणं सिद्धोधनला अर्धंमुर्धं कळलं असावं म्हणून तिनं ते पुन्हा सांगितलं, जसंच्या तसं, शांतपणे. सिद्धोधन म्हणाला, "बरोबर हाय त्याचं." योगीराजला वाटलं आपलं पटलं. तो उठला, जयभीम घातला, आणि मग दारात पुन्हा वळून बघितलं तेव्हा त्याला कळलं की भाऊ येणार नाही.

सिद्धोधन आता स्टेशन रोडला चुलतभावाच्या दुकानात मोटारी आणि पंखे भरतो. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, वेढे मोजायचे. हाताला वळण आहे, काम पटकन आलं. संघप्रियानं कानाचं यंत्र आणलं. ते लावलं की ताटं-वाट्यांचा खणखणाट डोक्यात शिरतो, म्हणून तो ते संध्याकाळी घरात तासभर लावतो, लेक बोलते तेवढ्यापुरतं.

बबिताला अजून फोन येतात. ती आधी विचारते, ढोलकी आहे का आणि बेस किती आहेत. बहुतेक फोन तिथंच संपतात. रविवारी कॉलनीतल्या विहारात ती बायांना गाणी शिकवते, माईक न लावता. मागच्या हिवाळ्यात सिद्धोधन एकदा तिथं गेला. चपला काढून सगळ्यात मागं, भिंतीशी बसला. बबितानं आईचं गाणं धरलं. यंत्र कानात होतं, तरी त्याच्यापर्यंत आली ती नुसती चढउताराची लाट. ती श्वास कुठं घेते हे त्याला पाठ होतं, त्यावरून कडवं कितवं ते कळत होतं. तिसरं सुरू झालं तेव्हा तिचे ओठ बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की ह्या कडव्यात काय आहे ते आपल्याला माहीतच नाही. इतकी वर्षं त्यानं त्यातला प्रत्येक स आणि श सांभाळला होता, तो टोचू नये आणि बुडू नये म्हणून. ते काय सांगतात, हे ऐकायला तो कधी थांबला नव्हता.

घरी आल्यावर त्यानं बबिताला विचारलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. "अठ्ठावीस सालं झाले. तुमाला ठावं न्हाई?"

"न्हाई."

ती रागावली नाही. संघप्रियाची एक जुनी वही घेऊन खाली बसली आणि सावकाश लिहून त्याच्यापुढं केली. तिचं अक्षर गोल, मोठं.

*अंगठ्याची शाई आज विहिरीवरती धुतली,*
*लेकीच्या त्या निकालावर सही माझी उठली.*

त्यानं दोनदा वाचलं. "ही लेक म्हंजे तू का?"

"मीच. चौथीत व्हते. गुरुजी म्हनले अंगठा चालंल, तर माय म्हनली चालत न्हाई."

तो वहीकडं बघत राहिला. ती जराशी थांबली, तो काही म्हणेल म्हणून. त्यालाही वाटलं होतं की आता काही येईल, घशात, डोळ्यात, कुठंतरी. आलं नाही. "चांगलं हाय," तो म्हणाला. तिनं वही मिटली आणि भाकरीचं पीठ काढायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक शेतकरी विहिरीच्या काठावर बसवायची पाण्याची मोटार घेऊन आला आणि तिचं काय बिघडलंय ते सांगायला लागला. सिद्धोधननं पेन्सिल आणि खोक्याचा पुठ्ठा त्याच्यापुढं सरकवला. "लिहून द्या," तो म्हणाला. शेतकऱ्यानं लिहिलं, मोटार चालते पण लय खरखर करायली. सिद्धोधननं ते वाचलं, मोटारीला लाईन दिली आणि चालू झाल्यावर तळहात तिच्या पाठीवर ठेवून थोडा वेळ उभा राहिला. बेरिंग गेलेली होती. त्यानं मोटार बंद केली आणि पाना घेतला.